वाचकांचे प्रश्न: मुलांच्या हाताचे फ्रॅक्चर आणि शस्त्रक्रियेचा निर्णय

उन्हाळ्याच्या सुट्टीत सायकली, स्केटिंग, सोसायटीतील घसरगुंड्या आणि गावाकडची झाडे यांपायी मुलांचे हात मोडतात, आणि या महिन्यात आलेली बहुतेक पत्रे त्याच विषयावरची आहेत. पत्रे निरनिराळी असली तरी पालकांचा मूळ प्रश्न एकच दिसतो: लहान मुलाचे हाड आपोआप जुळते म्हणतात, मग शस्त्रक्रिया कशासाठी? हाड जुळते हे खरे आहे, परंतु ते कसे जुळते याला महत्त्व आहे. वाढते हाड काही प्रकारचा वाकडेपणा स्वतःच सरळ करते आणि काही प्रकारचा मुळीच करत नाही. आपल्या मुलाचे फ्रॅक्चर यांपैकी कोणत्या गटात मोडते हे समजले, तर डॉक्टरांशी बोलणे पुष्कळ सोपे होते. म्हणून नेहमीपेक्षा थोडी सविस्तर उत्तरे देत आहे.

प्रश्न: माझा मुलगा सात वर्षांचा आहे. घसरगुंडीवरून पडून त्याच्या उजव्या मनगटाच्या किंचित वर दोन्ही हाडे मोडली. भूल देऊन हाड बसवले आणि पक्के प्लास्टर घातले. आठवड्याने काढलेल्या एक्स-रेमध्ये हाड पंधरा अंशांनी मागच्या बाजूला वाकलेले दिसते. डॉक्टर म्हणतात की वाढत्या वयात सरळ होईल, काही करायला नको. सासूबाईंना मात्र मुलाचा हात जन्मभर वाकडा राहील अशी धास्ती वाटते. दुसरे मत घ्यावे का?
— एक आई, कोथरूड

उत्तर: दुसरे मत घेण्यात काहीच गैर नाही, परंतु पत्रातील माहितीवरून आपल्या डॉक्टरांचा सल्ला मला योग्य वाटतो. तो का योग्य आहे, हे सासूबाईंनाही समजावून सांगता यावे म्हणून कारण लिहितो.

कोपरापासून मनगटापर्यंत दोन हाडे असतात, अंगठ्याच्या बाजूचे रेडियस आणि करंगळीच्या बाजूचे अल्ना. हाडाच्या टोकाजवळ कूर्चेची एक पातळ पट्टी असते, तिला ग्रोथ प्लेट म्हणतात, आणि हाडाची लांबी या पट्टीतूनच वाढते. या दोन हाडांची सुमारे ७५ ते ८० टक्के वाढ मनगटाकडच्या पट्टीतून होते, कोपराकडून फार थोडी होते. म्हणून मनगटाजवळ वाकडे जुळलेले हाड सरळ होण्याची शक्यता सर्वांत अधिक असते. मूल जितके लहान, मोडलेली जागा पट्टीच्या जितकी जवळ आणि वाक मनगट ज्या दिशेने हलते त्याच दिशेचा, म्हणजे पुढे किंवा मागे, तितकी ही शक्यता वाढते. आपल्या मुलाच्या बाबतीत या तिन्ही गोष्टी अनुकूल आहेत. या वयात मनगटाजवळचा २० अंशांपर्यंतचा वाक सर्वसाधारणपणे स्वीकारला जातो, आणि काही तज्ज्ञ त्याहूनही अधिक स्वीकारतात. सुधारणेचा वेग ढोबळमानाने महिन्याला एक अंश असतो, म्हणजे वर्ष-सव्वा वर्षाचा धीर धरावा लागेल. प्लास्टर निघाल्यावर मनगट थोडे वाकलेले दिसेल आणि पाहुणेमंडळी विचारतील, त्याची तयारी ठेवावी. हाच पंधरा अंशांचा वाक चौदा वर्षांच्या मुलीच्या हातात असता, तर मी वेगळा सल्ला दिला असता.

एका गोष्टीत मात्र ढिलाई करू नये. प्लास्टरमधील हाड सरकते ते बहुधा पहिल्या दोन-तीन आठवड्यांतच, कारण सूज ओसरली की प्लास्टर आतून सैल होते. त्यामुळे दुसऱ्या आणि तिसऱ्या आठवड्यातील एक्स-रे चुकवू नका. चांगले प्लास्टर मोडलेल्या जागी गोल नसते, चपटे असते. एक्स-रेवर बाजूने मोजलेली प्लास्टरच्या आतली जाडी समोरून मोजलेल्या रुंदीच्या ०.८ पटीपेक्षा कमी असेल तर हाड सरकण्याची भीती कमी असते, आणि हे मोजमाप आपल्या डॉक्टरांना दोन मिनिटांत दाखवता येईल. फ्रॅक्चर जर ग्रोथ प्लेटमधूनच गेलेले असेल, तर साधारण आठवडा-दहा दिवस उलटल्यानंतर हाड पुन्हा जोर लावून बसवण्याचा आग्रह धरू नये, कारण त्या जोरानेच पट्टीला इजा होऊन वाढ थांबू शकते.

प्रश्न: आमच्या पाच वर्षांच्या मुलीच्या मनगटाचे हाड नुसते दबले आहे असे सांगून डॉक्टरांनी प्लास्टर न घालता साधा पट्टा दिला. ही हयगय तर नव्हे?
— एक वाचक, वारजे

उत्तर: नाही. मुलांचे हाड लवचिक असल्याने कित्येकदा ते तुटत नाही, फक्त एका जागी दबून फुगते. अशा हाडाला सरकण्याची भीती नसते. ब्रिटनमध्ये नऊशेहून अधिक मुलांवर झालेला आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास असे दाखवतो की साधी पट्टी बांधलेल्या आणि कडक आधार दिलेल्या मुलांच्या वेदनेत व बरे होण्यात फरक पडला नाही. निश्चिंत राहा.

प्रश्न: माझी बारा वर्षांची मुलगी स्केटिंग करताना पडली आणि तिच्या डाव्या हाताची दोन्ही हाडे बरोबर मध्यावर मोडली. भूल देऊन प्लास्टर घातले, पण आठवड्याने हाड वीस अंशांनी सरकलेले निघाले. आता आत सळया घालण्याची शस्त्रक्रिया सुचवली आहे. माझे मोठे बंधू म्हणतात की मुलांना कधी सळई घालतात का, तिची वाढ खुंटेल. या सळया म्हणजे नक्की काय? प्लेट बसवणे अधिक पक्के नव्हे का? पुन्हा काढाव्या लागतात का?
— एक वडील, हडपसर

उत्तर: आपल्या बंधूंची काळजी समजण्यासारखी आहे, तरी या मुलीच्या बाबतीत शस्त्रक्रियेचा सल्ला मला रास्त वाटतो. याचे पहिले कारण वय. मुलींच्या हाडांची वाढ साधारणपणे चौदाव्या-पंधराव्या वर्षी संपत येते, मुलांची त्यानंतर दोनेक वर्षांनी. म्हणजे बारा वर्षांच्या मुलीच्या हाती वाक सरळ करून घेण्यासाठी फार थोडा काळ उरलेला असतो, आणि तेवढ्याच वयाच्या मुलाला तो अधिक मिळतो. दुसरे कारण जागेचे. मधोमध मोडलेले हाड दोन्ही ग्रोथ प्लेटपासून दूर असते, त्यामुळे तेथील वाक सावकाश आणि अपुराच सरळ होतो. नऊ वर्षांच्या आतील मुलांत मध्यभागी १५ अंशांपर्यंतचा वाक चालवून घेतात, त्यानंतरच्या वयात १० अंशांच्या पुढे सहसा चालवून घेत नाहीत. वीस अंश हे त्याच्या बरेच पलीकडे आहेत.

येथे फक्त दिसण्याचा प्रश्न नाही. रेडियस हे हाड सरळ नसते, त्याला निसर्गतःच एक हलका बाक असतो, आणि त्या बाकामुळेच ते अल्नाभोवती फिरू शकते. तीर्थ घेताना तळहात वर होतो आणि वहीवर लिहिताना तो खाली होतो, ही फिरण्याची हालचाल या दोन हाडांच्या नेमक्या आकारावर अवलंबून असते. हाड मध्यावर वाकडे जुळले किंवा स्वतःभोवती पिळलेल्या स्थितीत जुळले, तर ही हालचाल अडते. त्यातही हाडाचा पीळ कोणत्याही वयात वाढीमुळे सुटत नाही.

ज्या सळयांविषयी आपण विचारता त्यांना इलॅस्टिक नेल म्हणतात. ही पद्धत फ्रान्समधील नान्सी शहरातील शल्यचिकित्सकांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस विकसित केली आणि आज ती जगभर मुलांसाठी वापरली जाते. नेल टायटॅनियमचा, दीड ते अडीच मिलिमीटर जाडीचा आणि लवचिक असतो. शस्त्रक्रियेत नेमके काय करतात ते सांगतो, कारण अज्ञात गोष्टीची भीती जास्त वाटते. रेडियससाठी अंगठ्याच्या बाजूला, मनगटाच्या थोडे वर, दीड-दोन सेंटिमीटरचा छेद घेतात. तेथून त्वचेच्या संवेदनेची एक बारीक नस जाते, ती बाजूला जपून धरतात. ग्रोथ प्लेट कोठे आहे हे सी-आर्म या एक्स-रे यंत्राच्या पडद्यावर पाहून, तिच्यापासून सुरक्षित अंतर ठेवून, हाडाला तिरके छिद्र पाडतात. टोकाशी किंचित वाकवलेला नेल त्या छिद्रातून हाडाच्या पोकळीत सरकवत मोडलेल्या जागेपर्यंत नेतात. तेथे सहायक हात ताणून दोन्ही तुकडे समोरासमोर आणतो, आणि नेल हलक्या हाताने फिरवून पलीकडच्या तुकड्यात शिरवतात. अल्नाचा नेल कोपराच्या बाजूने खाली घालतात. नेलला आधीच बाक दिलेला असल्यामुळे तो आतून हाडावर दाब देतो आणि रेडियसचा नैसर्गिक बाक पुन्हा मिळवून देतो. दोनतीन प्रयत्नांत नेल पलीकडे गेला नाही, तर मोडलेल्या जागी लहान छेद घेऊन तुकडे डोळ्यांनी पाहून बसवणे चांगले. पुन्हा पुन्हा आत खुपसत राहिल्याने स्नायूंची सूज वाढते. ‘छेद घ्यावा लागला’ असे डॉक्टरांनी बाहेर येऊन सांगितले तर काही बिघडले असे समजू नका, कित्येकदा तोच शहाणपणाचा निर्णय असतो.

वाढीच्या शंकेचे उत्तर यातच आहे: नेल ग्रोथ प्लेटला ओलांडत नाही, म्हणून वाढ खुंटत नाही. धातूची प्लेट आणि स्क्रू यांनी हाड अधिक अचूक धरता येते हे खरे, परंतु त्यासाठी मोठे छेद घ्यावे लागतात, हाडावरचे आवरण सोडवावे लागते आणि व्रण राहतात. मुलांच्या हाडाचे हे आवरण जाड असते आणि हाड लवकर जुळण्यात त्याचा मोठा वाटा असतो. वाढ संपत आलेली मुले, पुष्कळ तुकडे झालेले हाड किंवा वाकडे जुळलेले हाड कापून सरळ करायचे असेल, तेव्हा मीही प्लेटच पसंत करीन. आपल्या मुलीचे वय सीमेवरचे आहे. तिची वाढ किती उरली आहे हे पाहून शल्यचिकित्सक प्लेट सुचवतील, तर तेही चुकीचे ठरणार नाही.

नेल साधारण सहा महिने ते वर्षभरात, एक्स-रेमध्ये हाड पूर्ण भरलेले दिसल्यावर, छोट्या शस्त्रक्रियेने काढतात. घाई करून लवकर काढू नये, कारण त्याच जागी हाड पुन्हा मोडण्याचा धोका असतो. त्रासांपैकी सर्वांत नेहमीचा म्हणजे नेलचे टोक त्वचेखाली टोचणे. अंगठ्याच्या मागे थोडी बधिरता येऊ शकते, क्वचित जंतुसंसर्ग होतो. नेल मनगटाच्या मागच्या बाजूने घातला असेल तर अंगठा ताठ करणारी कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, त्यावर घासून तुटू शकते. म्हणून अंगठा वर उचलताना मनगटामागे दुखू लागल्यास पुढच्या तपासणीची वाट न पाहता दाखवावे.

प्रश्न: माझा नऊ वर्षांचा नातू महिन्यापूर्वी आंब्याच्या झाडावरून पडला. गावच्या हाडवैद्यांनी बांबूच्या पट्ट्या बांधल्या. हाताची नळी जुळली, पण कोपर पूर्ण वाकत नाही, तळहात वर होत नाही आणि कोपराच्या पुढच्या बाजूला टणक उंचवटा लागतो. तेल लावून रोज मालिश चालू आहे. येथे काढलेल्या एक्स-रेची प्रत सोबत पाठवतो. आणखी किती दिवस मालिश करावे?
— एक आजोबा, जुन्नर तालुका

उत्तर: आजोबा, मालिश आजच थांबवावे आणि नातवाला या आठवड्यातच मुलांच्या हाडांची शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना दाखवावे. आपण पाठवलेल्या एक्स-रेमध्ये अल्ना वाकलेल्या स्थितीत जुळलेले आहे आणि रेडियसचे कोपराकडचे टोक सांध्यातून पुढे निखळलेले आहे. हाताला लागणारा उंचवटा म्हणजे तेच टोक आहे. मालिशने ते जागेवर जाणार नाही, उलट कोपराभोवती रगडल्याने स्नायूंत हाड तयार होऊन सांधा आणखी आखडू शकतो.

अशा दुखापतीचे वर्णन मिलानचे शल्यचिकित्सक मोंतेज्जा यांनी १८१४ मध्ये केले आणि तिला त्यांचेच नाव आहे. ती ओळखली जात नाही हा दोष एकट्या हाडवैद्यांचा नाही. मोठ्या रुग्णालयांतही कधीकधी ती सुटून जाते, कारण अल्नाचे फ्रॅक्चर ठळक दिसते आणि नजर तेथेच थांबते. नियम साधा आहे: रेडियसच्या मधून काढलेली सरळ रेषा, हात कोणत्याही बाजूने टिपलेला असो, दंडाच्या हाडाच्या बाहेरच्या गोल भागातून गेलीच पाहिजे. नळीचे हाड मोडलेल्या प्रत्येक मुलाच्या एक्स-रेत कोपर आणि मनगट हे दोन्ही सांधे दिसले पाहिजेत, अशी मागणी पालकांनीही करावी. अल्ना मोडलेले नसून फक्त धनुष्यासारखे वाकलेले असले, तरी हा सांधा निखळू शकतो.

ताज्या दुखापतीत अल्ना सरळ केले की रेडियस बहुधा आपोआप जागेवर जाते, आणि अल्ना सरकू नये म्हणून गरजेप्रमाणे त्यात नेल किंवा त्यावर प्लेट बसवतात. महिना उलटल्यावर काम मोठे होते. आता अल्ना कापून योग्य कोनात आणावे लागेल, प्लेटने धरावे लागेल आणि रेडियसचे टोक सांध्यात बसवावे लागेल. तरीही नातवाचे वय लहान आहे आणि काळही फार गेलेला नाही, म्हणून चांगल्या हालचालीची आशा धरण्यास पुष्कळ जागा आहे. तीच शस्त्रक्रिया दोन-तीन वर्षांनी करायची झाली तर रेडियसच्या टोकाचा आकारच बदललेला असतो आणि यशाची खात्री देता येत नाही.

हाडवैद्यांविषयी गावात आदर असतो हे मी जाणतो, आणि कित्येक साधी फ्रॅक्चर त्यांच्याकडे बरी होतात हेही खरे आहे. पण ताज्या दुखापतीवर घट्ट बांधलेल्या बांबूच्या पट्ट्यांची मला मनापासून भीती वाटते. आत सूज वाढते, पट्ट्या ढिल्या होत नाहीत, आणि स्नायूंचा रक्तपुरवठा कोंडतो. काही तासांत स्नायू मरू लागतात आणि पुढे बोटे आकडीसारखी वाकून कायमची आखडतात. जर्मन शल्यचिकित्सक फोल्कमान यांनी १८८१ मध्ये नेमके हेच लिहून ठेवले होते, आणि असे हात आजही आमच्याकडे येतात. घट्ट प्लास्टरनेही हेच होऊ शकते, म्हणून त्याची लक्षणे पुढच्या एका उत्तरात दिली आहेत.

प्रश्न: माझ्या चार वर्षांच्या भाचीचे मधले बोट दाराच्या बिजागरीत चेंगरले. नखाचे मूळ वर उचलून त्वचेवर आले होते आणि बोटाचे टोक खाली झुकले होते. जवळच्या दवाखान्यात नख दाबून पट्टी बांधली. पाच दिवस झाले, बोट लाल आणि सुजलेले आहे. एक्स-रे काढावा का?
— एक मावशी, सिंहगड रस्ता

उत्तर: एक्स-रे आजच काढावा, आणि तोही फक्त त्या एका बोटाचा, नेमका बाजूने. आपले वर्णन एका विशिष्ट दुखापतीशी जुळते, जिच्याविषयी सेमूर यांनी १९६६ मध्ये लिहिले. शेवटच्या पेराच्या मुळाशी ग्रोथ प्लेट असते आणि नखाची गादी तिला लागूनच असते. बोट चेंगरले की हाड त्या पट्टीतून मोडते, गादी फाटते आणि तिचा तुकडा फटीत अडकतो. बाहेरून नखाची जखम दिसते, पण प्रत्यक्षात ते उघडे फ्रॅक्चर, म्हणजे जखम थेट मोडलेल्या हाडापर्यंत पोहोचलेले फ्रॅक्चर, असते. यावर भूल देऊन नख काढणे, जखम स्वच्छ धुणे, अडकलेली गादी बाहेर काढून विरघळणाऱ्या बारीक टाक्यांनी शिवणे आणि प्रतिजैविके देणे हा उपचार आहे. हाड स्थिर राहत नसेल तर बोटाच्या टोकातून एक बारीक तार तीन-चार आठवड्यांसाठी घालतात. वेळेत केले तर बोट छान बरे होते. सोडून दिले तर हाडात जंतुसंसर्ग, वेडेवाकडे नख आणि खुरटलेले पेर, हे सर्व होऊ शकते. लालसरपणा आणि सूज पाहता मी उद्याचीही वाट पाहणार नाही.

बोटाचे टोक तुटूनच आले असेल, तर तो तुकडा ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत घालावा आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवावी. तुकडा थेट बर्फावर ठेवू नये.

प्रश्न: क्रिकेट खेळताना चेंडू लागून मुलाच्या अनामिकेचे हाड मोडले. एक्स-रेत थोडेसेच सरकले आहे, तरी तारा घालायला सांगतात.
— एक वाचक, चिंचवड

उत्तर: बोटाच्या बाबतीत एक्स-रेपेक्षा मूठ अधिक सांगते. मुलाला सावकाश मूठ मिटायला सांगावी: चारही बोटांची टोके अंगठ्याच्या मुळाकडे वळली पाहिजेत. अनामिका शेजारच्या बोटावर चढत असेल, तर हाड पिळले आहे, आणि हा पीळ वाढीने सुटत नाही हे वर लिहिलेच आहे. तसेच पेराच्या पुढच्या टोकाशी, सांध्याच्या अगदी मागे मोडलेले हाड ग्रोथ प्लेटपासून दूर असते, कारण बोटांच्या पेरांची ग्रोथ प्लेट त्यांच्या मुळाशी असते. ते लहानसे दिसले तरी बोट वाकणे कायमचे अडवू शकते. या दोन्ही स्थितींत तारा घालाव्यात, आणि शक्यतो आठवडाभरात. बोटाचे हाड फार लवकर जुळते, दोन-तीन आठवड्यांनी तेच काम अवघड होते.

प्रश्न: मुलीच्या मनगटातून दोन तारांची टोके बाहेर ठेवली आहेत. त्या काढताना पुन्हा भूल द्यावी लागेल का?
— एक आई, बिबवेवाडी

उत्तर: बहुधा नाही. टोके बाहेर ठेवण्याचा उद्देशच तो असतो. सुमारे चार आठवड्यांनी बाह्यरुग्ण विभागात तारा काढतात आणि त्याला काही सेकंद लागतात, मुलीला आधी तसे सांगून ठेवावे. तोवर प्लास्टर कोरडे ठेवावे, आंघोळीच्या वेळी हात पिशवीत बांधून पाण्याबाहेर धरावा. पू, दुर्गंधी, ताप किंवा तार सैल होऊन बाहेर येणे, यांपैकी काही झाले तर तारीख येण्याची वाट पाहू नये.

प्रश्न: आमच्या शाळेत पडून हात मोडण्याचे प्रसंग येतात. रुग्णालयात नेईपर्यंत काय करावे, आणि प्लास्टर घातल्यावर पालकांना काय सांगावे? काही पालकांना खर्चाचीही चिंता असते.
— एक शिक्षिका, मुळशी तालुका

उत्तर: बांगड्या, कडे, अंगठी, धागा हे सूज येण्याआधी काढावे. वर्तमानपत्राची जाड घडी किंवा पट्टी हाताखाली ठेवून ओढणीने हात गळ्यात बांधावा. हात ओढून सरळ करू नये, चोळू नये, लेप लावू नये. जखमेतून हाड दिसत असेल किंवा मोडलेल्या जागी ठिपक्याएवढी जखम असली तरी स्वच्छ कापड ठेवून थेट मोठे रुग्णालय गाठावे, कारण प्रतिजैविक जितके लवकर सुरू होईल तितके चांगले. वाहन नसेल तर १०८ क्रमांकाला फोन करावा. हात वाकडा दिसत असेल तर मुलाला धीर देण्यासाठी बिस्किट किंवा चहा देऊ नये. भूल देण्याआधी सहा तास अन्न आणि दूध पोटात नसावे, आणि चहातील दूध हेही दूधच. साधे पाणी दोन तास आधीपर्यंत चालते.

प्लास्टर घातल्यानंतरचे पहिले दोन दिवस महत्त्वाचे असतात. हात उशीवर, छातीच्या पातळीच्या वर ठेवावा आणि बोटे हलवत राहावी. मूल सारखे अस्वस्थ होते, कशानेही शांत होत नाही, वेदनाशामक औषध पुन्हा पुन्हा मागते, आणि बोटे हलकेच सरळ केली तर किंचाळते, ही आतला दाब वाढल्याची लक्षणे आहेत. बोटे गुलाबी आहेत, मनगटाची नाडी लागते, म्हणून थांबू नये, कारण नाडी शेवटपर्यंत लागू शकते. अशा वेळी मध्यरात्र असली तरी रुग्णालयात जावे. तेथे प्लास्टर आतल्या कापसासह त्वचेपर्यंत चिरतात आणि तरीही वेदना थांबली नाही तर स्नायूंची आवरणे उघडण्याची शस्त्रक्रिया तातडीने करतात. हाड थोडे सरकेल या भीतीने प्लास्टर चिरायला उशीर करू नये, सरकलेले हाड पुन्हा बसवता येते.

खर्चासाठी पालकांनी शिधापत्रिका आणि आधार कार्ड घेऊन महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या यादीतील रुग्णालयात आरोग्यमित्राला भेटावे. पुण्यात स्टेशनजवळील ससून सर्वोपचार रुग्णालयही आहेच.

प्रश्न: कबड्डी खेळणाऱ्या माझ्या चौदा वर्षांच्या मुलाच्या हातातील नेल मागच्या आठवड्यात काढले. शाळेची निवड चाचणी पुढच्या महिन्यात आहे. खेळू द्यावे का?
— एक वडील, भोर

उत्तर: मुलाचा हिरमोड होईल, पण पुढच्या महिन्यातील चाचणी सोडून द्यावी. नेल निघाल्यावर हाडाला एकट्याने भार पेलायचा असतो, आणि कबड्डीत पकड होताना हात पिळला जातो, तोच जोर या हाडांना सर्वांत घातक असतो. लिहिणे, जेवणे, हलके धावणे जखम भरल्यावर लगेच सुरू करावे. मनगट आणि कोपर यांची हालचाल दुसऱ्या हाताइतकी झाली आहे, मूठ आवळण्याची ताकद बरोबरीला आली आहे आणि एक्स-रेत मोडलेल्या जागेच्या चारही बाजूंनी हाड भरलेले दिसते, एवढे पाहूनच डॉक्टरांनी मैदानाची परवानगी द्यावी. त्याला बहुधा दोन ते तीन महिने लागतात. त्या काळात पायांचा आणि दमाचा सराव चालू ठेवता येईल.